हैदराबाद जवळ, प्रवेश परीक्षा दूर : सीमाभागातली पोरं इंग्रजीत नव्हे, वाचनात अडतात

मराठवाड्यात 'हैदराबाद' हा शब्द सध्या दोन कारणांनी कानावर पडतो. पहिलं कारण म्हणजे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर घराघरांत पोहोचलेलं हैदराबाद गॅझेट. दुसरं म्हणजे धर्माबाद, बिलोली भागातल्या काही गावांनी वेळोवेळी केलेली 'आम्हाला तेलंगणात घ्या' ही मागणी. एका हैदराबादेत जुने कागद सापडतात, दुसऱ्याकडं शेतकऱ्यांच्या योजना आहेत. तिसरं हैदराबाद मात्र पारावरच्या चर्चेत येत नाही. ते म्हणजे शिक्षणाचं हैदराबाद.

देगलूरहून हैदराबाद साधारण दोनशे किलोमीटर. पुणं त्याच्या दुपटीहून जास्त. धर्माबादच्या स्टेशनावर देवगिरी एक्स्प्रेस थांबते आणि पुढं सिकंदराबादला जाते. उदगीरच्या माणसाला बीदर ओलांडलं की हैदराबादचाच रस्ता लागतो. दवाखाना, लग्नाची खरेदी, सोनं, मोटारीचे सुटे भाग, सगळ्यांसाठी माणसं तिकडं जातात. पण बीए करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पुढं एमए इंग्रजी करायचं असेल तर घरात नावं निघतात ती नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर आणि फारच हिंमत केली तर पुणं. हैदराबादेतल्या दोन केंद्रीय विद्यापीठांतला इंग्रजी विषय देशभर नावाजलेला आहे आणि फी खासगी संस्थांपेक्षा बरीच कमी आहे. तरीही तिथला प्रवेश अर्ज भरावा असं सुचत नाही.

कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, 'आपलं इंग्रजी तेवढं चांगलं नाही.' हे उत्तर अर्धंच खरं आहे. सीमाभागातला विद्यार्थी जिथं अडतो ती जागा वेगळी आहे, आणि ती नीट ओळखली तर वर्षभराच्या मेहनतीनं ओलांडता येण्यासारखी आहे.

१९५८ साली दोन गोष्टी घडल्या

नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, औरंगाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते तेव्हा उच्च शिक्षणाचं गाव एकच होतं, हैदराबाद. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. शिकवणं उर्दूतून, इंग्रजी विषय सक्तीचा आणि मराठवाड्यातून आलेल्या मुलाच्या घरची भाषा मराठी. तीन भाषांचं हे ओझं घेऊन त्या पिढीतले वकील, शिक्षक, अधिकारी तयार झाले. सगळ्यांनाच ते जमलं असं नाही. किती जणांचं शिक्षण भाषेपायीच सुटलं असेल, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीनं घेतली. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० चं. त्या काळात मराठवाड्यातली कॉलेजं उस्मानियालाच जोडलेली होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि हैदराबादशी असलेली शिक्षणाची नाळ तुटली. स्वतःचं विद्यापीठ मिळणं गरजेचंच होतं, त्यात वाद नाही. पुढं १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आलं आणि पदवी आणखी जवळ आली.

त्याच १९५८ साली हैदराबादेत केंद्र सरकारनं 'सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश' सुरू केलं. स्वतंत्र भारतात इंग्रजी ही साहेबाची भाषा म्हणून नव्हे तर दुसरी भाषा म्हणून कशी शिकवायची आणि ती शिकवणारे शिक्षक कसे घडवायचे, यासाठी ही संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये तिथं परदेशी भाषांची भर पडली आणि नाव 'सीआयईएफएल' झालं. २००७ पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे, 'इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी'. पोरांच्या तोंडी 'इफ्लू'. तार्नाक्याला, उस्मानियाच्या शेजारीच त्याचा कॅम्पस आहे. शिलाँग आणि लखनौलाही शाखा आहेत.

सुरुवातीच्या काळात या संस्थेचे संचालक होते वि. कृ. गोकाक. सीमाभागातल्या मराठी माणसाला गोकाक हे नाव माहीत आहे ते गोकाक समितीमुळं, कर्नाटकातल्या शाळांत कन्नडला पहिलं स्थान द्या असं म्हणणाऱ्या अहवालामुळं. हेच गोकाक आधी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते आणि कन्नड कवी म्हणून त्यांना ज्ञानपीठ मिळालं. त्यांच्या अहवालावर सीमाभागात काय मत आहे तो वेगळा विषय. पण मातृभाषेचा एवढा कैवारी माणूस देशातल्या इंग्रजी शिकवण्याच्या मुख्य संस्थेचा प्रमुख होता, ही गोष्ट 'मराठी माध्यमातून आलो म्हणून इंग्रजी जमणार नाही' असं म्हणणाऱ्यानं लक्षात ठेवावी.

दुसरं विद्यापीठ म्हणजे गच्चीबावलीचं हैदराबाद विद्यापीठ. तेलंगणा आणि आंध्रच्या आंदोलनांनंतर ठरलेल्या सहा कलमी सूत्रातून ते १९७४ साली आलं. त्याचे पहिले वर्ग सरोजिनी नायडूंच्या 'गोल्डन थ्रेशोल्ड' या घरात भरले. ज्या कवयित्रीच्या कविता बीएच्या भारतीय इंग्रजी साहित्याच्या पेपरात येतात, तिचंच ते घर.

म्हणजे ज्या वर्षी मराठवाडा हैदराबादच्या विद्यापीठातून बाहेर पडला, त्याच वर्षी जिल्ह्या-तालुक्यांतलं इंग्रजी सुधारण्यासाठी देशानं हैदराबादची निवड केली. पुढं १९८० च्या दशकात याच संस्थेनं शाळाशिक्षकांसाठी जिल्हा केंद्रांची योजनाही चालवली. जी संस्था तालुक्याच्या शाळेतलं इंग्रजी सुधारावं म्हणून निघाली, तिच्या दारात तालुक्याच्या कॉलेजातला विद्यार्थी आज 'आपल्याला नाही जमणार' म्हणून जातच नाही. खरी गोची इथं आहे.

परीक्षा आहे तरी काय?

केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२२ पासून 'सीयूईटी-पीजी' ही सामाईक परीक्षा सुरू झाली. ती एनटीए घेते. हैदराबाद विद्यापीठाचा एमए इंग्रजीचा प्रवेश याच परीक्षेवर होतो. इफ्लूनं वर्षानुवर्षं स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली. कुठल्या अभ्यासक्रमाला कुठली परीक्षा लागते हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचूनच ठरवावं, गेल्या वर्षीच्या कुणाच्या सांगण्यावर विसंबू नये. उस्मानियाच्या प्रवेशासाठी तेलंगणाची स्वतःची 'सीपीगेट' परीक्षा आहे, पण राज्याच्या विद्यापीठांत स्थानिक विद्यार्थ्यांना प्राधान्य असतं. महाराष्ट्रातून जाणाऱ्यासाठी केंद्रीय विद्यापीठांचा रस्ता जास्त मोकळा.

२०२५ च्या नमुन्याप्रमाणे सीयूईटी-पीजीत ७५ प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. परीक्षा संगणकावर, प्रश्न पर्यायी, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. एकूण ३०० गुण. अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुटतात आणि २०२४, २०२५ या दोन्ही वर्षी परीक्षा मार्चमध्ये झाली.

हे वेळापत्रक नीट पाहायला हवं. मार्च म्हणजे बीए तिसऱ्या वर्षाचं शेवटचं सत्र चालू असतानाचा काळ. आपल्याकडचा विद्यार्थी 'आधी बीए होऊ दे, मग बघू' म्हणतो आणि उन्हाळ्यात निकालाची वाट पाहत बसतो. तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. त्यामुळं तयारीचा खरा मुहूर्त तिसऱ्या वर्षाच्या जूनमध्येच असतो. ज्याला हे जानेवारीत कळतं त्याचं वर्ष जातं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. परीक्षा दिली, गुण आले, म्हणजे प्रवेश झाला असं नाही. एनटीए फक्त गुण देते. त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक विद्यापीठ आपली गुणवत्ता यादी लावतं. चांगले गुण मिळूनही दुसरा अर्ज भरायचाच राहिला, तर त्या गुणांचा काही उपयोग नाही.

अमीरपेटचं इंग्रजी आणि तार्नाक्याचं इंग्रजी

हैदराबाद आणि इंग्रजीची परीक्षा हे शब्द एकत्र आले की पालकांच्या डोळ्यांसमोर अमीरपेट येतं. आयईएलटीएस, टोफेल, जीआरई, व्हिसा, क्लासच्या पाट्यांवर पाट्या. २००८ साली हैदराबादेत अमेरिकेचं वकिलात कार्यालय सुरू झालं. अमेरिकेला जाणाऱ्या तेलुगू मुलांची रीघ मोठी, त्यामुळं तो बाजारही मोठा.

पण ती परीक्षा वेगळी आणि ही वेगळी. आयईएलटीएस-टोफेलमध्ये माणसाला इंग्रजी ऐकता, बोलता, वाचता, लिहिता येतं का ते तपासतात. एमए इंग्रजीच्या प्रवेश परीक्षेत बोलण्याचा संबंधच नाही. तिथं उतारा वाचून समजतो का, कवितेत कवीनं नेमकं काय केलंय ते कळतं का, कुठला ग्रंथ कुणाचा, कुठली चळवळ आधी आली आणि कुठली नंतर, हे विचारतात. तरीही मुलाला एमए इंग्रजीची तयारी करायची म्हटलं की घरचे त्याला आधी 'स्पोकन इंग्लिश'च्या क्लासला घालतात. त्याचा फायदा नाही असं नाही. बोलण्यातली भीड मोडते, मुलाखतीत उपयोग होतो. पण या परीक्षेत त्यानं एक गुणही वाढत नाही. न अडखळता बोलणारा मुलगा इथं नापास होऊ शकतो आणि वर्गात तोंड न उघडणारी मुलगी वरच्या यादीत येऊ शकते. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी ही चांगली बातमी आहे, पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

अडतं ते गाईडपाशी

मग अडचण कुठं आहे? ती बीएच्या अभ्यासाच्या सवयीत आहे. आपल्याकडं इंग्रजीचे दोन प्रकार. 'कंपल्सरी' सगळ्यांना, आणि 'ऑप्शनल इंग्लिश' ज्यानं विषय म्हणून घेतलंय त्याला. ऑप्शनलच्या अभ्यासक्रमात नाटक, कादंबरी, कविता, समीक्षा सगळं असतं. कागदावर तो अभ्यासक्रम कुठल्याही मोठ्या विद्यापीठापेक्षा फार कमी नाही. प्रश्न तो पार कसा पडतो याचा आहे. मूळ नाटक वाचलं जात नाही. त्याचा सारांश वाचला जातो. सारांशही गाईडमधला, आणि गाईडमधलेही मागच्या पाच वर्षांत आलेले प्रश्नच. झेरॉक्सच्या दुकानात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मिळणाऱ्या 'अपेक्षित'वर पेपर निघून जातो. शेक्सपिअरच्या नाटकावर पंधरा गुणांचं उत्तर लिहिलेला विद्यार्थी त्या नाटकाचं एक पान न उघडता पास होतो, चांगल्या गुणांनी होतो.

यात सगळा दोष मुलांचा नाही. प्रश्नपत्रिकेचा साचा ठरलेला असेल तर कुणीही तेच करेल. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तीन-तीन वर्ग सांभाळायचे असतील तर वर्गात कादंबरी वाचून घेणं त्यालाही परवडत नाही.

पण प्रवेश परीक्षेत हा साचा चालत नाही. तिथं न पाहिलेली कविता समोर येते. तिच्याखाली चार पर्याय, त्यातले दोन जवळजवळ बरोबर वाटणारे. पाठ केलेलं उत्तर तिथं कामाचं नाही. दुसरा नमुना क्रम लावण्याचा. मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' १९३५ ची, राजा राव यांची 'कंठापुरा' १९३८ ची, सलमान रश्दींची 'मिडनाइट्स चिल्ड्रन' १९८१ ची. ज्यानं पुस्तकं हाताळली आहेत त्याला यातली सालं पाठ करावी लागत नाहीत. गांधींच्या चळवळीची सावली कुठल्या कादंबरीवर आहे आणि स्वातंत्र्यानंतरचा हिशेब कुठली मांडते, एवढं माहीत असलं तरी क्रम लागतो. तिसरा नमुना जोड्या लावण्याचा. एलियटची 'द वेस्ट लँड' आणि जॉइसची 'युलिसिस' ही दोन्ही १९२२ ची. हे एकदा ध्यानात आलं की पहिल्या महायुद्धानंतर साहित्य का आणि कसं बदललं, हा सगळा धडाच त्या सालाभोवती गोळा होतो.

पर्यायी प्रश्नांवर आक्षेप घेणारेही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. साहित्याची समज चार पर्यायांत मोजता येते का? ज्याला सुंदर निबंध लिहिता येतो त्याला या परीक्षेत तो दाखवायला जागा नाही. एकच पेपर दिल्लीच्या नामांकित कॉलेजातल्या मुलालाही आणि किनवटच्या मुलीलाही, ही समानता वरवरची आहे हेही खरं. पण याची दुसरी बाजू सीमाभागासाठी महत्त्वाची आहे. इथं अक्षर, कॉलेजचं नाव, बोलण्यातला ढंग, आडनाव यांतलं काहीच परीक्षकाला दिसत नाही. एक अर्ज, एक परीक्षा आणि अनेक विद्यापीठांची दारं. पूर्वी प्रत्येक विद्यापीठाचा अर्ज वेगळा, फी वेगळी, परीक्षेचं गाव वेगळं होतं. ते परवडणारे घरचे वेगळेच असत.

वजा गुणांची भीती किती खरी?

चुकीला एक गुण वजा म्हटलं की आपली मुलं घाबरून प्रश्न सोडून देतात. ही भीती हिशेबाला टिकत नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरी चारातलं एक बरोबर येतं. त्याचे ४ मिळतात, उरलेल्या तीन चुकांचे ३ जातात. म्हणजे तिथंही तोटा नाही, अगदी किंचित फायदाच. आणि चारातले दोन पर्याय नक्की चूक आहेत हे ओळखता आलं तर चित्रच बदलतं.

समजा एका विद्यार्थ्याला ७५ पैकी ४० प्रश्न पक्के येतात. त्याचे १६० गुण झाले. आणखी २० प्रश्नांत तो दोन पर्याय खोडू शकतो. भीतीनं ते सोडले तर तो १६० वरच थांबतो. सोडवले तर सरासरी १० बरोबर, १० चूक, म्हणजे ४० वजा १०, निव्वळ ३० गुण जास्त. प्रवेशाच्या यादीत ३० गुणांचा फरक म्हणजे आत की बाहेर, इतका मोठा असू शकतो. हा सरासरीचा हिशेब आहे, नशीब इकडं-तिकडं होणारच. पण नियम साधा आहे. दोन पर्याय खोडता आले की उत्तर द्यायचं, काहीच कळत नसेल तर तिथं वेळ घालवायचा नाही. आणि पर्याय खोडायला येतात ते पुन्हा वाचनानंच. अर्धवट आठवणारं पुस्तकही दोन चूक पर्याय बाजूला काढतं, न वाचलेल्या पुस्तकाचे मात्र चारही पर्याय सारखेच दिसतात.

वर्षभराचा साधा आराखडा

क्लास परवडत नसेल तरी तयारी होते. इंग्रजी साहित्याच्या इतिहासाचं एक चांगलं पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमानं वाचायचं. साहित्यातल्या संज्ञांसाठी एम. एच. अब्रॅम्स यांचा 'ग्लॉसरी' हा कोश जुना आणि भरवशाचा आहे. त्यातल्या रोज दोन संज्ञा, उदाहरणासह. बीएच्या अभ्यासक्रमात जी पुस्तकं आहेत ती मूळ वाचायची, गाईड नंतर. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचून त्याचा मुद्दा दोन ओळींत लिहायचा, मराठीत लिहिला तरी चालेल. कारण समजलं की नाही हे त्यातूनच कळतं. आठवड्याला तीन-चार कविता मोठ्यानं वाचायच्या. डिसेंबरपासून घड्याळ लावून ९० मिनिटांचे सराव पेपर.

पुस्तकं विकतच घ्यावी लागतात असं नाही. स्वामित्व हक्क संपलेली जुनी इंग्रजी पुस्तकं 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर फुकट आहेत. यूजीसीच्या 'ई-पीजी पाठशाला'वर एमएच्या पातळीचे इंग्रजीचे पाठ आहेत. रीलसाठी जो मोबाईल खिशात आहे, त्याच मोबाईलवर हे सगळं उघडतं.

मराठीचं भांडवल विसरलं जातं

सीमाभागातल्या विद्यार्थ्याकडं एक गोष्ट आहे जी दिल्लीच्या मुलाकडं नाही, ती म्हणजे मराठी. आज इंग्रजी विभागांत फक्त इंग्लंडचं साहित्य शिकवत नाहीत. भारतीय साहित्याचे अनुवाद, दलित साहित्य, स्त्रियांची आत्मचरित्रं हे विषय अभ्यासक्रमात आहेत, आणि त्यातला मोठा भाग मुळात मराठीत लिहिला गेलेला आहे.

बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' इंग्रजीत 'द प्रिझन्स वी ब्रोक' या नावानं २००८ साली आलं. अनुवाद माया पंडित यांचा. त्या इफ्लूत प्राध्यापक होत्या आणि पुस्तक काढणारी प्रकाशन संस्थाही हैदराबादचीच. म्हणजे फलटणच्या बाजूची एक बाई मराठीत लिहिते आणि हैदराबादेतून ते पुस्तक इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचतं. सीआयईएफएलमध्ये शिकवणाऱ्या सूझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या 'विमेन रायटिंग इन इंडिया' या ग्रंथात सावित्रीबाई फुले आणि ताराबाई शिंदे आहेत. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' तर लातूर जिल्ह्यातलंच, तेही इंग्रजीत गेलं आहे. अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'ला १९७७ साली कॉमनवेल्थ कविता पुरस्कार मिळाला. 'कोसला'चे भालचंद्र नेमाडे मराठवाडा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते.

'उचल्या' मराठीत वाचलेल्या मुलाला त्याचा इंग्रजी अनुवाद समजायला शब्दकोश फारसा लागत नाही, गोष्ट आधीच आत असते. मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून रोज एक पान वाचणं हा इंग्रजी सुधारण्याचा स्वस्त आणि पक्का उपाय आहे. आपली पुस्तकं तिकडं अभ्यासाला लागतात आणि आपलीच मुलं 'आपलं काही नाही' म्हणून घरी राहतात.

कागदपत्रं आधीच काढा

सीमाभागात हा मुद्दा अभ्यासाइतकाच महत्त्वाचा आहे. केंद्रीय विद्यापीठात राज्याचं आरक्षण चालत नाही, केंद्राचं चालतं. अनुसूचित जाती १५ टक्के, अनुसूचित जमाती साडेसात, ओबीसी २७ आणि आर्थिक दुर्बल घटक १० टक्के. महाराष्ट्रातले व्हीजेएनटी, एसबीसी असे वेगळे प्रवर्ग तिथं नाहीत. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपल्या जातीचं नाव त्या यादीत आहे का हे स्वतः पाहून घ्यावं लागतं. मराठा समाजासाठीचं एसईबीसी आरक्षणही केंद्रीय विद्यापीठात लागू नाही. अशा विद्यार्थ्यांनी ईडब्ल्यूएसच्या केंद्रीय निकषात आपण बसतो का, ते तपासावं.

किनवट-माहूर भागातल्या बंजारा कुटुंबांची एक नेहमीची गफलत होते. पलीकडं तेलंगणात लंबाडा समाज अनुसूचित जमातीत आहे. म्हणून इकडचा मुलगाही हैदराबादला गेला की एसटी होतो, असं नाही. प्रवर्ग मूळ राज्याप्रमाणे ठरतो, शिकायच्या गावाप्रमाणे नाही. चुकीचा प्रवर्ग भरला की पुढं पडताळणीत प्रवेश जातो. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसची प्रमाणपत्रं केंद्राच्या नमुन्यात आणि चालू काळातली लागतात. तहसीलला त्यासाठी किती चकरा होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे काम दिवाळीच्या आसपासच हातात घ्यावं.

एमए करून करायचं काय?

हा प्रश्न घरोघर विचारला जातो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात प्राध्यापक भरती रखडत चालते, आणि नेट-सेट झालेली माणसं वर्षानुवर्षं सीएचबीवर तासाच्या हिशेबानं राबतात. हे पाहून कुठला बाप मुलाला एमए इंग्रजी कर म्हणेल?

पण म्हणूनच पदवी कुठून घेतली याला महत्त्व आहे. नेटच्या परीक्षेत १५० प्रश्न, तीन तास, आणि तिथं वजा गुण नाहीत. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७ हजारांची फेलोशिप मिळते आणि आता पीएचडीच्या प्रवेशालाही नेटचे गुण चालतात. सीयूईटीसाठी जे वाचन होतं तेच पुढं नेटला कामी येतं. शिवाय हैदराबादेत प्रकाशन, अनुवाद, शाळा, कंपन्यांतलं लेखनाचं काम असा पसारा आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जमलंच तर तेलुगू येणाऱ्या मुलाला तिथं कामाची संधी गावापेक्षा नक्कीच जास्त. नोकरीची हमी कुणीच देऊ शकत नाही. पण गाईडवर केलेल्या एमएला पुढं जो रस्ता बंद दिसतो, तो वाचून केलेल्या एमएला निदान उघडा तरी असतो.

कॉलेजांच्या हातात असलेलं

यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. सीमाभागातल्या प्रत्येक वरिष्ठ महाविद्यालयात इंग्रजीचे एक-दोन प्राध्यापक असतातच. तिसऱ्या वर्षाच्या ऑप्शनल इंग्लिशच्या मुलांना जूनमध्ये एकदा बसवून सीयूईटीचं वेळापत्रक सांगणं, ग्रंथालय एक तास जास्त उघडं ठेवणं, आठवड्यातला एक तास न पाहिलेल्या उताऱ्यासाठी राखणं, जानेवारीत कॉलेजच्या संगणक कक्षात अर्ज भरून घेणं आणि त्याच कक्षात दोन सराव परीक्षा घेणं, एवढं झालं तरी फरक पडेल. सुरवातीला दहातली दोन मुलं गेली तरी पुरे. तिथं एक जण पोहोचला की पुढच्या वर्षी गावातल्या दुसऱ्याला कुणाला विचारायचं ते कळतं, आणि मुलीला पाठवताना आई-बापाला तिथं ओळखीचं माणूस आहे एवढा धीर मिळतो.

विद्यापीठालाही यात भाग घेता येईल. प्रश्नपत्रिकेत एक न पाहिलेली कविता किंवा उतारा दरवर्षी ठेवला तरी गाईडची पकड ढिली होईल आणि वर्गात मूळ पुस्तक उघडावं लागेल.

पालकांसाठी काम त्याहून सोपं आहे. पुढच्या वेळी दवाखान्यासाठी किंवा खरेदीसाठी हैदराबादला जाणं होईल तेव्हा बीएला असलेल्या पोराला सोबत न्यावं आणि तासाभरासाठी तार्नाक्याला किंवा गच्चीबावलीला वाट वाकडी करावी. विभाग कुठं आहे, वसतिगृह कसं आहे, मुलं कुठून कुठून आली आहेत, हे त्यानं डोळ्यांनी बघून यावं. अर्ज भरायचा की नाही हे त्यानंतर घरात बसून ठरवता येईल.